बेस्कॉमच्या व्यवस्थापकीय संचालकांना खुले पत्र: घरातला जनरेटर आणि खांबावरचा माणूस

प्रति,
माननीय व्यवस्थापकीय संचालक,
बेंगळुरू वीजपुरवठा कंपनी (बेस्कॉम), बेंगळुरू



माझी मुख्य मागणी आधीच सांगतो. चेंजओव्हर स्विच बसवल्याशिवाय कोणत्याही घरात पोर्टेबल जनरेटर वायरिंगला जोडता येणार नाही, अशी स्पष्ट अट बेस्कॉमने घालावी, ग्राहकाकडून तसं लिहून घ्यावं आणि मीटर वाचायला येणाऱ्या माणसाला तो स्विच डोळ्यांनी पाहायला सांगावं. पुढचं सगळं पत्र ही अट का हवी ते सांगण्यासाठी आहे.

मी मूळचा सांगलीचा. सगळी नोकरी वीज वितरणात झाली. आधी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ, जून 2005 मध्ये मंडळाच्या कंपन्या झाल्यावर महावितरण. निवृत्तीनंतर मुलाकडे, सर्जापूर रोडला दोड्डकन्नल्लीच्या पुढच्या एका लेआउटमध्ये राहतो. या पत्राची कन्नड प्रत आपल्या कार्यालयात देत आहे. मराठीत ते छापायला दिलं, कारण या रस्त्यावर पुण्या-नाशिकहून, कोल्हापूर-बेळगावहून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबं आहेत आणि यातली प्रत्येक गोष्ट महाराष्ट्रातल्या घरांनाही तितकीच लागू आहे.

सर्जापूर रोडवरच्या मोठ्या सोसायट्यांची मला फारशी काळजी नाही. तिथे डीजी सेट असतो, त्याचं पॅनेल असतं, वीज गेली की आपोआप बदल करणारा चेंजओव्हर असतो आणि हे सगळं सांभाळायला पगारी इलेक्ट्रिशियन असतो. काळजी आहे ती कसवनहळ्ळी, कोडती, कार्मेलराम, दोम्मसंद्र या पट्ट्यातल्या लेआउटांमधल्या स्वतंत्र घरांची. तिथे इन्व्हर्टर आणि एक-दोन बॅटऱ्या असतात. एप्रिल-मे महिन्यात वळीव येतो, फांद्या तारांवर पडतात, पुरवठा रात्रभर जातो. बॅटरी चार-पाच तासांत मान टाकते. सकाळी घरातल्या दोघांना कामावर ऑनलाइन बसायचं असतं, टाकीत पाणी चढवायचं असतं, फ्रीजमध्ये कुणाचं इन्सुलिन असतं. सप्टेंबर 2022 च्या पुरात याच रस्त्यावरच्या रेनबो ड्राइव्ह लेआउटमधल्या रहिवाशांना ट्रॅक्टर आणि बोटींतून बाहेर काढावं लागलं, ते इथल्या माणसाच्या मनातून अजून गेलेलं नाही. अशा वेळी माणूस दुकानात जाऊन दोन-तीन केव्हीएचा पेट्रोल जनरेटर घेऊन येतो. यात त्याची काही चूक नाही. गरज खरी आहे.

प्रश्न सुरू होतो तो जनरेटर घरी आणल्यानंतर.

आमच्या शेजारच्या एका घरात मला ती सोय कौतुकाने दाखवण्यात आली. वॉशिंग मशीनच्या मागे खिळ्याला तीन कोरची काळी केबल गुंडाळून टांगलेली होती. दोन्ही टोकांना 16 अँपिअरचे प्लग. एक प्लग जनरेटरच्या सॉकेटात घालायचा, दुसरा वॉशिंग मशीनच्या सॉकेटात. आधी घराची मेन पाडायची, मग जनरेटरची दोरी ओढायची, की पंखे, दिवे, फ्रीज, वायफाय सगळं सुरू. एका प्लगच्या पितळी पिना ठिणग्यांनी काळवंडल्या होत्या, म्हणजे केबल चांगली वापरातली होती. मेन स्विचच्या वर भिंतीवर खडूने लिहिलेलं होतं, ‘आधी हे.’

या केबलचं एक टोक जनरेटरमध्ये असताना दुसरं सॉकेटातून निसटलं, तर त्या उघड्या पिनांवर 230 व्होल्ट असतात आणि समोर ओली फरशी असते. शिवाय वीज सॉकेटातून शिरते ती घरातल्या आरसीसीबीच्या, म्हणजे गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचच्या, खालच्या अंगाने. आरसीसीबीतून काही जातच नाही, म्हणून गळती झाली तरी त्याला पत्ता लागत नाही. घरातल्या माणसाला वाटतं आरसीसीबी आहे, आणि नेमका त्याच वेळी तो नसल्यासारखा असतो.

पण मी आपल्याला लिहितो आहे ते भिंतीवर खडूने लिहिलेल्या त्या दोन शब्दांमुळे. मेन पाडायची राहिली, तर जनरेटरची वीज मीटरमधून उलटी सर्व्हिस वायरवर जाते आणि तिथून खांबावर. ज्यांनी ती सोय केली ते गृहस्थ स्वतः कधी विसरणार नाहीत, हे मी मान्य करतो. पण ते गावाला गेलेले असतील, रात्री दोन वाजता वीज गेली आणि घरात त्यांची आई आणि शाळकरी मुलगा असेल, तेव्हा काय? खांबावरच्या पॉवरमॅनचा, म्हणजे लाइनमनचा, जीव असा एका अनोळखी घरातल्या माणसाच्या आठवणीवर टांगलेला असू नये.

यावर एक उत्तर मला हमखास मिळतं, आणि ते देणारे बहुधा इंजिनिअरच असतात. तीन केव्हीएचा जनरेटर म्हणजे जेमतेम 13 अँपिअर. गल्लीतल्या पन्नास घरांचा भार त्याच्यावर आला तर तो क्षणात ट्रिप होईल किंवा इंजिन गुदमरून बंद पडेल. लाइन जिवंत राहणार कशी? हे गणित बरोबर आहे, पण ते फक्त लाइन धड असताना. पॉवरमॅन खांबावर चढतो तेव्हा लाइन धड नसते, म्हणूनच तो चढलेला असतो. खांबावरचा जंपर सुटलेला असतो किंवा त्याने स्वतःच सोडवलेला असतो. सर्व्हिस वायर फांदीने तोडलेली असते. अशा तुटलेल्या तारेच्या पलीकडे पन्नास घरं नसतात, काहीच भार नसतो. जनरेटर अगदी आरामात चालतो, घरात पंखा फिरतो, आणि तारेचं तुटकं टोक पावसाच्या पाण्यात 230 व्होल्टवर पडून राहतं. ज्या क्षणी धोका खरा असतो, त्याच क्षणी ‘तो ट्रिप होईल’ हे गणित कोलमडतं.

नोव्हेंबर 2023 मध्ये बेंगळुरूतल्याच होप फार्म चौकात पदपथावर पडलेल्या तारेवर पाय पडून एक तरुण आई आणि तिची नऊ महिन्यांची मुलगी गेली. त्या घटनेशी जनरेटरचा काही संबंध नव्हता. ती आठवण काढतो ती एवढ्यासाठी की तेव्हापासून या भागातले लोक पडलेली तार दिसली की बेस्कॉमच्या 1912 या क्रमांकावर फोन करतात, हे चांगलं झालं. फोन आला की फीडर बंद होतो आणि सगळे निर्धास्त होतात. घरातल्या जनरेटरने पोसलेल्या तारेला मात्र आपला फीडर बंद असो की सुरू, काही फरक पडत नाही.

रोहित्राच्या बाबतीत तर गोष्ट आणखी वाईट आहे. दोम्मसंद्राच्या बाजूला नव्या लेआउटमध्ये एका रोहित्रावर कधीकधी पाच-सहाच घरं असतात, त्यातली काही अजून रिकामी. तिथे जनरेटरवर येणारा भार थोडा असतो. आपलं रोहित्र 11 केव्हीचे 433 व्होल्ट करतं, म्हणजे एका फेजला 250. तेच रोहित्र उलट्या बाजूने दिलेल्या विजेचा दाब 44 पटींनी चढवतं. जनरेटरचे 230 व्होल्ट वरच्या तारांवर सुमारे 10 हजार होतात. पॉवरमॅनने डीओ, म्हणजे ड्रॉप-आउट फ्यूज, पाडलेले असतात, लाइन क्लिअर, म्हणजे कामाची परवानगी, घेतलेला असतो, सबस्टेशनचा पुरवठा बंद असल्याची त्याला खात्री असते, आणि वीज त्याच्या मागून येते.

आपण म्हणाल, त्यासाठीच अर्थिंग रॉड आहेत. तार तपासायची, शॉर्ट करायची, कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थ करायची, मगच हात घालायचा. खरं आहे, आणि 11 केव्हीवर काम करणाऱ्याच्या हे अंगात मुरलेलं असतं. लघुदाबाच्या तारेवर मात्र कुठल्याही गावात, कुठल्याही कंपनीत माणूस जरा सैल होतो. पाऊस पडत असतो, रात्र असते, खाली चार लोक ‘किती वेळ लागेल’ विचारत उभे असतात. टेस्टर लावला, दिवा लागला नाही, चला, तार मेलेली आहे. ती त्या क्षणी मेलेलीच असते. दोन मिनिटांनी कुणीतरी जनरेटरची दोरी ओढतो.

महाराष्ट्रात महावितरण दर वर्षी गणेशोत्सवाच्या तोंडावर मंडळांना एक आवाहन करतं, ते आपल्या अधिकाऱ्यांनी जरूर वाचावं. त्यात अधिकृत तात्पुरती जोडणी घ्या, वायरिंग धड ठेवा हे तर असतंच. पण त्यात आणखी एक वाक्य असतं, ते माझ्या मते सर्वांत मोलाचं आहे. वीजपुरवठ्यासाठी आणि जनरेटरसाठी न्यूट्रल वेगवेगळा घ्या, असं ते सांगतं. एकच न्यूट्रल असेल आणि पुरवठा गेल्यावर जनरेटर सुरू केला, तर त्याची वीज लघुदाब वाहिनीत शिरून जीवघेणा अपघात होऊ शकतो. हे वाक्य वर्षानुवर्षं छापलं जातं, कारण मंडपात हमखास तेच होतं. फेज तेवढी बदलायची, न्यूट्रल आहे तिथेच ठेवायचा. न्यूट्रलला हात लावला तर काही होत नाही, ही समजूत मांडववाल्यापासून घरातल्या वायरमनपर्यंत सगळ्यांची. बेंगळुरूत गणपती गल्लोगल्ली बसतात आणि सर्जापूर रोडच्या प्रत्येक लेआउटमध्ये राज्योत्सवाचा मांडव पडतो. ते आवाहन इथे कन्नडमध्ये तितकंच हवं आहे.

घरातही चूक तीच असते. मी पाहिलेल्या कितीतरी बोर्डांवर चेंजओव्हर म्हणून जो स्विच असतो तो एक पोलचा, फक्त फेज बदलणारा. सिंगल फेजच्या घराला दोन पोलचाच हवा, थ्री फेजच्या घराला चार पोलचा. न्यूट्रल फेजबरोबर कापला गेलाच पाहिजे. मधली जागा शून्य, एका बाजूला बेस्कॉम, दुसऱ्या बाजूला जनरेटर, आणि हँडल एका वेळी एकाच बाजूला जाऊ शकतं. ते कुणाच्या आठवणीवर चालत नाही, लोखंडावर चालतं. घरात आजी असो की पाहुणा, हँडल दोन्हीकडे एकदम ढकलताच येत नाही. हा साधा हाताने फिरवायचा स्विच काही हजारांत येतो. जनरेटरच्या किमतीपुढे ती रक्कम किरकोळ आहे.

न्यूट्रल वेगळा केला की एक नवी गोष्ट समोर येते आणि ती बहुतेक इलेक्ट्रिशियन सोडून देतात. बाजारातल्या पुष्कळ छोट्या जनरेटरांचा न्यूट्रल अर्थला जोडलेला नसतो, तो तरंगता असतो. एकटं यंत्र एक-दोन उपकरणांना वापरायचं असेल तर ते चालतं. पण असा जनरेटर सगळ्या घराच्या वायरिंगला जोडला, तर गळतीच्या विजेला जनरेटरकडे परत जायला वाट राहत नाही आणि मग आरसीसीबी ट्रिप होत नाही. गीझरच्या किंवा फ्रीजच्या पत्र्यावर फेज आली तरी तो शांत बसतो. आणखी धोक्याची बाब म्हणजे त्याचं टेस्टचं बटण दाबलं तर तो खटकन पडतो. त्या बटणाचं सर्किट फेज आणि न्यूट्रलच्या मध्येच असतं, अर्थशी त्याला देणंघेणं नसतं. बटण दाबून ‘चालतोय की’ म्हणणारे मी पाहिले आहेत. म्हणून जनरेटर घराला कायमचा जोडायचा असेल तेव्हा त्याचा न्यूट्रल एकाच ठिकाणी, निर्मात्याच्या सूचना पाहून, नीट अर्थ केलेला असला पाहिजे आणि अर्थिंगचा पिट कोरडा ठणठणीत नसला पाहिजे. हे काम लायसनवाल्या कॉन्ट्रॅक्टरचं आहे. घरमालकाने यूट्यूब पाहून करायचं नाही.

बाकीची व्यवस्था सोपी आहे. दोन्ही टोकांना प्लग असलेली केबल तोडून टाकावी. बाहेरच्या भिंतीवर झाकणाचा निळा 32 अँपिअरचा इंडस्ट्रियल इनलेट बसवावा, त्याच्या पिना आतल्या बाजूला झाकलेल्या असतात. जिवंत टोकाला नेहमी भोकं असावीत, पिना नेहमी वीज घेणाऱ्या टोकाला. इनलेटमधून योग्य एमसीबीमार्फत चेंजओव्हरच्या दुसऱ्या बाजूला. चेंजओव्हरच्या आधी, बेस्कॉमच्या बाजूला, एक छोटा इंडिकेटर दिवा असावा, म्हणजे जनरेटरवर असताना वीज परत आल्याचं कळतं आणि खात्री करण्यासाठी कुणी हँडलशी खेळत नाही. थ्री फेजची बोअरवेल मोटर जनरेटरच्या बाजूला येणारच नाही अशी वायरिंग करावी, नाहीतर एका फेजवर ती जळेल. ज्यांच्या छतावर सोलर आहे त्यांनी जनरेटर चालू असताना सोलरचा इन्व्हर्टर वेगळा पडेल हे पाहावं. तो जनरेटरलाच ग्रीड समजून त्यात वीज ढकलू लागतो.

धुराबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. पाऊस असतो म्हणून, चोरीची भीती असते म्हणून, आवाजाची शेजाऱ्यांना कटकट नको म्हणून लोक जनरेटर पोर्चमध्ये, युटिलिटीत, जिन्याखाली लावतात. पेट्रोलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही, झोपलेला माणूस त्याने जागा होत नाही. अमेरिकेत वादळांनंतर अशा मृत्यूंचा इतका अनुभव आहे की तिथे घरापासून किमान 20 फूट दूर, दारं-खिडक्यांपासून उलट तोंड करून जनरेटर ठेवायला सांगतात. 30 बाय 40 च्या प्लॉटवर 20 फूट मोकळे मिळत नाहीत. ज्याच्याकडे ती जागा नाही त्याने जनरेटर घेऊच नये, इन्व्हर्टरची बॅटरी वाढवावी. हे मी शेजाऱ्यांना सांगतो आणि ते त्यांना आवडत नाही.

आता आपल्या कार्यालयाकडे येतो. छतावर सोलर लावणाऱ्या ग्राहकाला बेस्कॉमकडे अर्ज करावा लागतो, तपासणी होते, आणि ग्रीड गेल्यावर त्याचा इन्व्हर्टर दोन सेकंदांच्या आत स्वतःहून बंद पडला पाहिजे, असा दंडक आहे. हा दंडक पॉवरमॅनसाठीच आहे आणि तो योग्य आहे. त्याच घराच्या पोर्चमध्ये, त्याच मीटरच्या मागे, पेट्रोलचं यंत्र आणून ठेवलं तर कुणी विचारत नाही. दोघांकडून खांबावर जाणारी वीज सारखीच मारते. मोठ्या जनरेटरांची विद्युत निरीक्षकांकडून तपासणी होते. हातात उचलून आणलेलं यंत्र पाहायला कुणी येत नाही.

म्हणून माझी विनंती अशी. ज्याच्याकडे जनरेटर आहे त्या ग्राहकाने तसं कळवावं, त्यासाठी एक पानाचा कन्नड फॉर्म असावा, शुल्क नसावं आणि दंडाची भीती नसावी. भीती घातली तर लोक जनरेटर लपवतील आणि केबल खिळ्यावरच राहील. फॉर्मला लायसनवाल्या कॉन्ट्रॅक्टरचं प्रमाणपत्र जोडलेलं असावं, त्यात चेंजओव्हरचे पोल किती, न्यूट्रल कुठे अर्थ केला आणि आरसीसीबी जनरेटरवर खरी गळती देऊन तपासला का, हे तीन प्रश्न असावेत. अशा घराच्या मीटरवर लांबून दिसेल असं पिवळं स्टिकर लावावं, म्हणजे खांबावर चढण्याआधी पॉवरमॅनला गल्लीत कुठल्या घराचा आवाज ऐकायचा ते कळेल. स्विचचे पैसे एकदम देणं जड जात असेल तर ते बिलातून हप्त्याने घ्यावेत. जनरेटर विकणाऱ्या दुकानांत आपलं एक पत्रक असावं, कन्नड, इंग्रजी, हिंदी, तमिळ, तेलुगू अशा भाषांत, आणि त्यावर दोन्ही टोकांना प्लग असलेल्या केबलचं फुली मारलेलं चित्र असावं.

पॉवरमॅनसाठीही एक मागणी आहे. लघुदाबाच्या प्रत्येक कामात तार शॉर्ट आणि अर्थ करण्याची साखळी त्याच्या पिशवीत असावी आणि ती लावण्यासाठी गेलेली पाच मिनिटं उशीर म्हणून त्याच्या नावावर मांडली जाऊ नयेत. खाली उभ्या असलेल्या आम्हा रहिवाशांना ही पाच मिनिटं थांबायला सांगण्याचा अधिकार त्याला बेस्कॉमने लेखी द्यावा.

बेस्कॉमकडे आठ जिल्हे आहेत आणि हे सगळं एका दिवसात होणार नाही, याची मला कल्पना आहे. सुरुवात सर्जापूर रोडवरच्या एका उपविभागापासून व्हावी, मे महिन्यातल्या वळवाच्या आधी. आमच्या लेआउटमध्ये कुणाकडे जनरेटर आहे, तो कसा जोडला आहे आणि कुणाला चेंजओव्हर बसवायचा आहे, याची यादी रहिवाशांच्या संमतीने करून द्यायला मी तयार आहे. आपला कनिष्ठ अभियंता ज्या दिवशी येईल त्या दिवशी मी त्याच्याबरोबर घरोघर फिरेन.

आपला,
सर्जापूर रोडवरचा एक रहिवासी आणि वीज वितरणातला निवृत्त कर्मचारी